चित्राच्या मापाचा सूर

हल्लीं घरांत कोणतेंहि मंगलकार्य पार पडलें कीं त्याचा एक लहानसा व्हिडिओ करण्याची चाल पडली आहे. मुंज असो, वास्तुशांत असो, कीं आजोबांचें सहस्रचंद्रदर्शन असो. पुण्यांतील सून छायाचित्रें जुळविते, आणि तो व्हिडिओ परदेशांतील नातवंडांपर्यंत त्याच रात्रीं जाऊन पोंचतो. चित्रें मायेनें निवडलेलीं असतात, त्यांचा क्रमहि विचारपूर्वक लावलेला असतो. त्यांच्याखालीं घालावयाच्या संगीताकडे मात्र अगदीं शेवटच्या घटकेला लक्ष जातें. मग पडद्यावर आजोबा हात जोडीत आहेत, आणि सतारीची गत ऐन रंगांत असतांनाच खटकन् तुटते! पंक्तींतल्या माणसाला ताकभात वाढण्याच्या आधींच पानावरून उठवावें, तसाच हा प्रकार होय.

चित्रांना साथ करण्यासाठींच आगाऊ तयार करून ठेवलेल्या संगीताला आपण ‘संग्रह-संगीत’ म्हणूं. ही कल्पना नवी नाहीं. मूकपटांच्या काळीं पडद्यापुढें वादक बसत. आपल्याकडे पेटी-तबला, तर युरोप-अमेरिकेंत पियानो किंवा वाद्यवृंद. रोजच्या खेळाला नवी रचना कोठून आणणार? म्हणून लंडनमध्यें मायर डी वोल्फ यांनीं १९०९ सालीं अशा संगीताचा संग्रह सुरू केला. बर्लिनमध्यें जुझेप्पे बेच्चे यांची ‘किनोथेक’ ही माला १९१९ पासून निघूं लागली. १९२४ सालीं न्यूयॉर्क येथें निघालेल्या एर्नो रापे यांच्या जाड ग्रंथांत तर पानापानाच्या समासांत युद्ध, वादळ, शोक, विवाह अशा प्रसंगांची सूचि छापलेली होती. दृश्य बदललें कीं वादकानें हातचें वाक्य पुरें करून चटकन् पुढचें पान काढावें, अशी ती योजना. म्हणजे सुराला चित्राच्या मापांत बसविण्याची ही विद्या बोलपटापेक्षांहि जुनी आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. व्यावसायिक संग्रहांत पुष्कळदां एकच रचना ६०, ३० व १५ सेकंदांच्या मापांतहि तयार मिळते. ती आधीं पाहावी. न मिळाल्यास कात्री हातीं घ्यावी, परंतु एक नियम विसरूं नये: कापावयाचें तें मधलें, आरंभ व शेवट यांना धक्का लावूं नये. श्रोत्याच्या स्मरणांत तोंड आणि समाप्ति हींच राहतात. मधलें एक वाक्य गळालें तर त्याला पत्ताहि लागत नाहीं. शेवटीं आवाज हळूहळू बारीक करीत नेण्याची सोय आहे खरी. परंतु ती समाप्ति नव्हे, ती केवळ पळवाट होय.

थोडें गणित मांडूं. समजा, रचनेची गति मिनिटाला १२० मात्रांची आहे. चार मात्रांचें एक आवर्तन २ सेकंदांचें, आणि आठ आवर्तनांचें एक वाक्य १६ सेकंदांचें झालें. रचना १६० सेकंदांची, म्हणजे दहा वाक्यांची. आणि आपला व्हिडिओ १०० सेकंदांचा. मधलीं चार वाक्यें काढलीं तर ९६ सेकंद उरतात. राहिलेल्या ४ सेकंदांसाठीं कोणी घायकुतीला येऊं नये. पहिलें चित्र चार सेकंद निःशब्द दाखवावें आणि मग सूर उमटूं द्यावा; ती शांतता शोभूनच दिसते. अथवा यंत्राच्या साह्यानें गति चार टक्क्यांनीं मंद करावी. सूर न उतरवितां तेवढा फरक बहुधा कानाला कळत नाहीं.

जोड देतांना आधीं शेवट लावावा. रचनेचा अंतिम आघात शेवटच्या चित्रावर बसवावा, आरंभ आपल्या जागीं ठेवावा, आणि दोहोंची गांठ मध्यें घालावी. ही गांठ समेवरच पडली पाहिजे. काप समेच्या किंचित् आधीं घेतला म्हणजे मागच्या स्वराची आंस तुटलेली नव्या आघाताखालीं झांकली जाते. दोन्ही तुकड्यांचा षड्ज एकच आहे ना, तेंहि पाहावें. शेवटीं डोळे मिटून ऐकावें. गांठ कोठें आहे तें सांगतां आलें नाहीं, तर काम साधलें.

मात्र हाच प्रयोग आपल्या रागदारीवर करूं जाल तर फसाल. आपल्या मैफलींत लय हळूहळू चढत असते. दूरचीं दोन आवर्तनें समेवर जोडलीं तरी गति एकदम उडी मारते. शिवाय रागाची बढत पायरीपायरीनें होते. मधल्या पायऱ्या काढल्या तर तार षड्ज लागतो, परंतु त्याची वाट पाहण्याचें सुख नाहींसें होतें. संग्रह-संगीत कापण्याची सोय धरूनच बांधलेलें असतें. ख्याल तसा नसतो.

परवान्याचाहि विचार करावा. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या ज्या परवान्यांत ‘फेरफार नको’ अशी अट असते, तेथें संगीत चित्राशीं वेळ साधून जुळविणें हाच फेरफार मानला जातो. एक सेकंदहि न कापतां तो दोष घडतो. असा व्हिडिओ लोकांपुढें ठेवावयाचा तर वेगळी परवानगी हवी.

मग घरच्या कार्याला भारदस्त गाणें वापरूंच नये काय? अवश्य वापरावें, परंतु मुळांतच लहान असलेलें निवडावें. जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटेंच मावत. आपल्या गायक-गायिकांनीं त्या मापाचा राग स्वतः मांडला. कात्री बाहेरून आली नाहीं. १९७७ सालीं व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळांत गेलेली केसरबाई केरकर यांची भैरवी अवघी साडेतीन मिनिटांची आहे. परंतु ती अपुरी वाटत नाहीं. थोडकेपणा हा दोष नव्हे. तुटकेपणा हा दोष आहे. म्हणून जेथें सूर कापून घेण्यास राजी नसेल, तेथें दोन छायाचित्रें कमी करावीं किंवा चार जास्त घालावीं, आणि गाणाऱ्याला आपलें वाक्य पुरें करूं द्यावें. घरीं बोलावलेल्या कलावंताचा एवढा मान राखणें हें यजमानाचें कर्तव्यच आहे.