तोंडी हुकूम आणि कंपाउंडर

श्रोतेहो, कामगार चळवळीतल्या माणसाने वैद्यकीय कायद्यावर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. आम्ही ना डॉक्टर, ना वकील. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, रात्री कायद्याची पुस्तके चाळून. परंतु दवाखान्यातला कंपाउंडर हाही कामगारच आहे. आणि ज्या कामगाराला आपल्या कामाची हद्द ठाऊक नाही, त्याच्याइतका उघड्यावर पडलेला कामगार दुसरा नाही, असा आमचा अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्याच एका गावचा कंपाउंडर संध्याकाळी आमच्याकडे आला. वीस वर्षे एकाच दवाखान्यात काढलेला माणूस. त्या दिवशी डॉक्टर सोलापूरला गेले होते. फोनवरून त्यांनी सांगितले, "नेहमीची सुई दे." याने दिली. रोग्याच्या अंगावर गांधी उठल्या, धाप लागली. लोकांनी जीप करून मोठ्या दवाखान्यात नेला म्हणून तो वाचला. दुसऱ्या दिवशी नातेवाईक जाब विचारायला आले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मी असे काही सांगितलेच नव्हते." कंपाउंडर आम्हाला म्हणाला, "भाऊ, मी माझ्या मनानं कधी काही केलं नाही. मालक म्हणाले तेच केलं. मग गुन्हा माझा कसा?"

या प्रश्नाचे उत्तर शोधणे, हाच आजच्या विवेचनाचा विषय.

पहिली गोष्ट अशी की, वर्षानुवर्षे केलेल्या नोकरीने उपचार करण्याचा अधिकार येत नाही. कायदा विचारतो : तुमचे नाव कोणत्या नोंदवहीत आहे? त्या नोंदवहीने तुम्हाला कोणते काम दिले आहे? आणि ते काम तुम्ही कोणाच्या देखरेखीखाली केले? डॉक्टरची नोंद राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, 2019 खाली होते. औषधनिर्मात्याची 1948 च्या फार्मसी कायद्याखाली. परिचारिकेची 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखाली. आपल्याकडचे अनेक कंपाउंडर यांपैकी कोणत्याच नोंदवहीत नाहीत. ते पाहून पाहून शिकले. अनुभव हा मोठा गुरू खरा. परंतु न्यायालयात तो दाखला म्हणून चालत नाही.

मग त्याने करावे तरी काय? नावे लिहिणे, ताप व वजन घेणे, उपकरणे उकळून स्वच्छ ठेवणे, डॉक्टर समोर असताना मलमपट्टीला हात लावणे, ही मदत झाली. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियमही, डॉक्टरच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली मदतनीसांना शिकवण्यास मनाई करीत नाहीत. परंतु रोग ओळखणे, औषध निवडणे, मात्रा बदलणे, हा उपचार झाला. नोंदणी नसताना आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय केल्यास 2019 च्या कायद्याने एक वर्षापर्यंत कैद, 5 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुड्या बांधून देण्याचेही तसेच. फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्याने, किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यायचे असते. डॉक्टरला आपल्या स्वतःच्या रोग्याला औषध देण्याची सवलत आहे; पण ती सवलत डॉक्टरची आहे, त्याच्या रिकाम्या खुर्चीची नव्हे.

आता सर्वांत गंभीर भाग. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडल्यास जुन्या दंडसंहितेच्या 304-अ कलमाखाली कोणालाही दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम 106 (1) ने ही शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढवली; मात्र नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय उपचार करताना असे घडले, तर ती दोन वर्षांपर्यंतच ठेवली. 'नोंदणीकृत' याचा अर्थ 2019 च्या वैद्यकीय आयोग कायद्याखाली नोंद झालेला, असे कलमातच सांगितले आहे. परिचारिका, कंपाउंडर, वॉर्डबॉय त्यात बसत नाहीत. म्हणजे एकाच खाटेशी उभ्या असलेल्या दोघांपैकी हुकूम देणाऱ्याला दोन वर्षांची मर्यादा, आणि पाळणाऱ्याला पाचांची! हे न्याय्य आहे की नाही, यावर कामगार संघटनांनी भांडले पाहिजे, आणि आम्ही भांडू. परंतु कायदा बदलेपर्यंत तो ठाऊक असला पाहिजे.

"पण जबाबदारी मालकाची ना?" असे कोणी विचारील. पैशापुरती, बहुतांशी होय. 1963 साली औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) शासकीय रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1996 साली निकाल लागला की नोकरांच्या निष्काळजीपणाची भरपाई शासनाने द्यावी. तेहेतीस वर्षे लागली, पण तत्त्व पक्के झाले. खाजगी शुश्रूषागृहांविषयीही 2002 चे नियम सांगतात की, मदतनीस नेमले तरी अंतिम जबाबदारी डॉक्टरचीच. परंतु भरपाई मालक भरू शकतो. कैद ज्याची त्यालाच भोगावी लागते. शिवाय त्याच 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका प्रकरणात, होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिली, म्हणून त्याला निष्काळजी ठरवले. ज्याच्याजवळ एक नोंदणी होती त्याची ही गत. मग ज्याच्याजवळ एकही नाही त्याने कशाच्या भरवशावर राहावे?

याचा अर्थ डॉक्टरवाचून कोणी सेवाच करू नये, असा नाही. शेजारच्या जामखेडला आरोळे दांपत्याने 1970 पासून खेड्यातल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले. आपल्या तुळजापूर तालुक्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने 'भारतवैद्य' तयार केल्या. औषध नियमांच्या 'के' परिशिष्टातही शासकीय योजनेतली औषधे वाटणाऱ्या आरोग्यसेविकांना परवान्याच्या अटीतून सूट दिलेली आहे. फरक कशाचा? तिथे काम ठरवून दिलेले, शिक्षण दिलेले, औषधे मोजकी, आणि हाताबाहेरचा रोगी कुठे पाठवायचा हे आधी ठरलेले. आमचा कंपाउंडर मात्र एका फोनवर उभा होता.

म्हणून दवाखान्यात काम करणाऱ्या बंधुभगिनींना आमचे सांगणे आहे. नेमणुकीचे पत्र मागा, आणि त्यात काम लिहून घ्या. तोंडी हुकूम आला तर तो लेखी मागा; निदान फोनवर संदेश मागा आणि वहीत वेळ टिपून ठेवा. डॉक्टरच्या विम्यात नोकरांचा समावेश आहे का, हे विचारा. तथापि एक विसरू नका : जे काम मुळातच तुमचे नाही, ते लेखी हुकुमानेही तुमचे होत नाही. तिथे नकार हाच उपाय. आणि नकार देणाऱ्याची नोकरी राखणे, हे संघटनेचे काम.

शेवटी आपल्या सर्वांविषयी. "डॉक्टर नाहीत तर तूच काहीतरी दे, लवकर मोकळं कर," असे कंपाउंडरला कोण म्हणते? आपणच म्हणतो. त्या कंपाउंडरचे प्रकरण गावातच मिटले; तो पुन्हा त्याच दवाखान्यात आहे. आता डॉक्टर बाहेरगावी गेले की तो दाराला पाटी लावतो : 'डॉक्टर नाहीत.' काही लोक रागावून दुसरीकडे जातात, असे तो सांगत होता. श्रोतेहो, ती पाटी दिसली तर रागावू नका. ती जितकी त्याच्या रक्षणासाठी आहे, तितकीच तुमच्याही.