गोबर गॅस : शेण कुणाचे आणि चूल कुणाची?

वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेच्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाई भत्त्यावर बोलावे; त्याने शेणाच्या गॅसवर बोलण्याचे कारण काय, असे श्रोत्यांपैकी काहींना वाटेल. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापाशी पुष्कळ झाले. परंतु हा विषय आमच्या घरच्या चुलीपासून सुरू होतो.

आमचे वडील मुंबईच्या गिरणीत होते. 1982 चा संप लांबला, तेव्हा आम्ही बिऱ्हाड आवरून सातारा जिल्ह्यातील गावी आलो. जमीन नव्हती, जनावर नव्हते. आई एका बागायतदाराचा गोठा झाडी आणि त्याबदली तिला पाटीभर शेण मिळे. त्याच्या गोवऱ्या थापाव्यात, त्यावर भाकरी भाजावी. एके वर्षी त्या गोठ्यामागे गोबर गॅसचा खड्डा झाला. त्या घरच्या वहिनींच्या डोळ्यांचे पाणी थांबले, ही चांगलीच गोष्ट. पण आईची पाटी मात्र रिकामी परत येऊ लागली.

हे काय झाले, ते समजण्यासाठी आधी यंत्र समजून घेऊ. जनावराच्या पोटात जे सूक्ष्म जंतू असतात, ते शेणाबरोबर बाहेर येतात. शेण आणि पाणी समभाग कालवून हवाबंद खड्ड्यात सोडले, की हे जंतू ते कुजवू लागतात आणि मिथेन नावाचा जळणारा वायू तयार होतो. या गॅसमध्ये साधारण 55 ते 65 टक्के मिथेन असतो, उरलेला बहुतेक भाग कर्बवायूचा. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे 40 लिटर गॅस निघतो. गाय दिवसाला सरासरी 10 किलो शेण देते असे धरले, तर चार-पाच जनावरांच्या 50 किलो शेणावर दोन घनमीटर गॅस मिळतो. तेवढ्यात पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो.

गोवरी चुलीत जाळली तर तिच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो. गॅसच्या शेगडीवर निम्म्याहून अधिक लागतो. शिवाय गोवरीतील नत्र धुरात जाते. खड्ड्यातून बाहेर पडणाऱ्या मळीत ते शिल्लक राहते आणि शेताला मिळते. म्हणजे तेच शेण चुलीलाही पुरते आणि पिकालाही पुरते.

हे ज्ञान आपल्याकडे नवे नाही. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत 1939 च्या सुमारास एस. व्ही. देसाई यांनी त्यावर प्रयोग केले. जशभाई पटेल यांनी वर-खाली होणाऱ्या लोखंडी टाकीचा नमुना बसविला आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने तो 1960 नंतर गावोगावी नेला. लोखंड महाग पडते आणि गंजते, म्हणून 1978 मध्ये उत्तर प्रदेशातील अजितमल येथे विटांच्या घुमटाचा ‘जनता’ नमुना निघाला. 1984 मध्ये त्याहून स्वस्त ‘दीनबंधू’ आला. 1981-82 पासून केंद्र सरकारने अनुदानाची राष्ट्रीय योजना सुरू केली. म्हणजे शास्त्र होते, नमुने होते, पैसाही होता. मग इतके खड्डे बंद का पडले?

याचे एक कारण आम्हा कामगारांना चटकन दिसते. अनुदान बांधकामाला मिळे. दुरुस्तीचा वाली कोणी नसे. टाकीला दरवर्षी रंग लावावा लागतो. घुमटाला बारीक तडा गेला तरी गॅस निघून जातो. तो साबणाचे पाणी लावून शोधावा लागतो. नळीत पाणी साचले की ज्योत फडफडते. नव्या खड्ड्यातला पहिला गॅस तर पेटतच नाही, कारण त्यात कर्बवायूच जास्त असतो. तो सोडून द्यावा लागतो. या गोष्टी जाणणारा गवंडी तालुक्यात नसेल, तर लहानशा दोषाने सारा खर्च मातीत जातो. नेपाळात 1992 मध्ये जी मोठी योजना सुरू झाली, तिने हे ओळखले. ठरलेल्या नमुन्याचेच बांधकाम, बांधणाऱ्यावर काही वर्षे दुरुस्तीची जबाबदारी, आणि बांधलेल्या खड्ड्यांची तपासणी. तिथे काम टिकले ते या शिस्तीने.

दुसरी गोष्ट घरातली. रोज 50 किलो शेण आणि तेवढेच पाणी कालवायचे, म्हणजे 100 किलोंचा भार. तो उचलतो कोण? बहुधा घरची बाईच. धूर गेला तरी तिचे श्रम गेलेच असे नव्हे. पाणी लांबून आणावे लागत असेल, तर खड्डा घेण्यापूर्वी तिला विचारले पाहिजे.

तिसरी गोष्ट आमच्या आईची. रस्त्यावरचे, गोठ्यातले शेण ही भूमिहीनाची फुकटची लाकूडफाट्याची वखार होती. यंत्राने शेणाला किंमत आणली आणि ती वखार बंद झाली. यावर उपाय नाही असे नाही. कोकणात कणकवलीजवळ गोपुरीला अप्पासाहेब पटवर्धनांनी शौचालय सुधारणेचे काम केले, देहूचे डॉ. मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेला गॅसचा खड्डा विकसित केला आणि 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एका घराच्या शौचालयाचा गॅस थोडाच. पण वस्तीचा एकत्र केला तर ज्यांच्याकडे जनावर नाही त्यांचाही त्यात वाटा होतो. 2016 पासून उज्ज्वला योजनेने गरिबाघरी सिलिंडर आले, परंतु तो पुन्हा भरण्याचे पैसे ज्याच्या त्याला उभे करावे लागतात. म्हणून गोठा झाडणाऱ्या बाईला शेण मिळत असेल, तर ते दान नव्हे, तिची मजुरी आहे. खड्डा झाल्यावर ती मजुरी रोखीने किंवा जळणाने भरून दिली पाहिजे.

आमच्या शेजाऱ्यांच्या टाकीला चार पावसाळ्यांत भोके पडली. जोडकाम करणारा मिळाला नाही. वहिनी पुन्हा धुरात बसल्या, आणि आईला पुन्हा पाटीभर शेण मिळू लागले. त्या संध्याकाळी आमच्या घरी आनंद झाला होता, हे सांगताना आज आम्हांस लाज वाटते. शेजारणीच्या धुराने ज्या घरात आनंद व्हावा, इतकी त्या घराची चूल एकटी पडली होती. आपल्या गावी कोणी गॅसचा खड्डा घेत असेल, तर त्याचे अभिनंदन जरूर करा. आणि त्याच्या गोठ्यातले शेण आजवर कोण नेत होते, तेही एकदा विचारा.