माइल्स साहेबांचे, तिकीट कचेरीचं

२००२च्या जुलैत बर्लिन राज्याचे आर्थिक व्यवहार मंत्री ग्रेगोर गिझी यांनी राजीनामा दिला. सरकारी दौऱ्यांवर साठलेले विमान कंपनीचे बोनस माइल्स त्यांनी खासगी प्रवासाला वापरले होते.

प्रकरण किरकोळ वाटेल, पण माइल्स देणाऱ्या या योजनांची मेख त्यातच आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१च्या मे महिन्यात ‘अ‍ॅडव्हांटेज’ सुरू केली, तेव्हा तिचं मुख्य गिऱ्हाईक कामानिमित्त सतत उडणारा माणूस होता. तिकीट कचेरीचं, माइल्स साहेबांचे! भाडं थोडं चढं असलं तरी साहेबांच्या खिशाला कुठे चाट बसते? भारत सरकारने ही फट बुजवली आहे: सरकारी तिकिटावरचे माइल्स त्या खात्याने पुढच्या सरकारी प्रवासालाच वापरायचे, असा नियम आहे.

पदरमोड करून उडणाऱ्याने मात्र माइलचा, म्हणजेच पॉइंटचा, भाव काढून पाहावा. समजा, रोखीचं तिकीट ६,००० रुपयांना आहे. तेच पॉइंट्सवर घेतलं तर ८,००० पॉइंट्स जातात आणि वर कर-शुल्काचे १,२०० रुपये भरावे लागतात. वाचले ४,८००, म्हणजे पॉइंटला ६० पैसे. उद्या कंपनीने त्याच जागेला १२,००० पॉइंट्स मागितले, की भाव ४० पैशांवर. नोटा छापणारा आणि त्यांची किंमत ठरवणारा इथे एकच.

आणि हा जोडधंदा नव्हे. क्रेडिट कार्डवाल्या बँका विमान कंपन्यांकडून पॉइंट्स घाऊक विकत घेतात. कोरोनात विमानं जमिनीवर असताना, २०२० मध्ये, युनायटेड एअरलाइन्सने आपली माइल्सची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. आपल्याकडे जेट एअरवेजचं उड्डाण एप्रिल २०१९ मध्ये थांबलं. तिची पॉइंट्सची योजना मात्र वेगळी कंपनी असल्याने ‘इंटरमाइल्स’ या नव्या नावाने चालू राहिली.

आता दुबईला मुलीकडे निघालेले पुण्याचे आई-बाबा घ्या. जावयाने एमिरेट्सच्या ‘स्कायवर्ड्स’ योजनेचे पॉइंट्स देऊ केलेत, पण एमिरेट्स पुण्याहून उडत नाही. म्हणजे मुंबई गाठणं आलं: टॅक्सीचं भाडं, द्रुतगती मार्गाचा एका बाजूचा ३२० रुपये टोल, घाटात अडकलो तर म्हणून तीन तास आधी निघणं, आणि बाबांचे गुडघे. पुण्याच्याच लोहगाव विमानतळावरून थेट विमान मिळत असेल, तर ‘फुकट’ तिकीट बरंच महागात पडतं.

भारतीय प्रवाशाला हे कळत नाही असं मुळीच नाही. इंडिगो २००६ मध्ये सुरू झाली आणि उड्डाणावर पॉइंट्स देणारी ‘ब्लूचिप’ योजना तिने आणली २०२४ मध्ये. तोवर देशांतर्गत प्रवाशांपैकी निम्म्याहून अधिक तिच्याच विमानांत बसत होते, वेळ आणि भाडं पाहून.