अंतराळातून मिथेनचे मोजमाप

मानवी व्यवहारांमुळे वातावरणात वाढलेल्या उष्णताधारक वायूंमध्ये कार्बन डायऑक्साइडच्या खालोखाल मिथेनचा क्रमांक लागतो. पाण्याने भरलेली भातखाचरे, दलदली, रवंथ करणारी गुरे, कोळशाच्या खाणी, तेल व नैसर्गिक वायूच्या विहिरी आणि शहरांबाहेरील कचऱ्याचे ढीग ही त्याची प्रमुख उगमस्थाने होत. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या एक अब्ज भागांत मिथेनचे सुमारे ७२० भाग होते. आज हे प्रमाण १९०० भागांहून अधिक आहे. शंभर वर्षांचा हिशेब धरल्यास तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता मिथेन धरून ठेवतो. मात्र तो हवेत सरासरी दहाएक वर्षेच टिकतो. म्हणून त्याचे उत्सर्जन रोखल्यास त्याचे फळ याच पिढीस मिळू शकते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत अनेक राष्ट्रांनी मिथेनचे उत्सर्जन २०३० पर्यंत २०२० च्या तुलनेत ३० टक्क्यांनी घटविण्याचा सामुदायिक संकल्प केला. तो पार पडला की नाही, हे ठरवावयाचे कशाने? देशोदेशींचे आकडे बहुतांशी गुरांची संख्या, शेतीचे क्षेत्र व खाणींचे उत्पादन यांवरून कागदावर मांडलेले असतात. त्यांची पडताळणी अखेर हवेतच करावी लागते.

जपानने २००९ साली सोडलेला ‘गोसॅट’ आणि युरोपचा २०१७ मधील ‘सेंटिनेल-५पी’ हे उपग्रह पृथ्वीवरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशावरून मिथेन मोजतात. साहजिकच रात्री अथवा ध्रुवप्रदेशातील दीर्घ हिवाळ्यात हे काम थांबते. वास्तविक ध्रुवाभोवतालच्या गोठलेल्या जमिनीत अमाप सेंद्रिय द्रव्य साठलेले असून, ती वितळल्यास मिथेन बाहेर पडण्याचा धोका आहे.

यावर उपाय म्हणजे उपग्रहाने स्वतःचाच प्रकाश सोबत नेणे. या पद्धतीस लायडार म्हणतात. फ्रान्स व जर्मनी यांनी संयुक्तपणे हाती घेतलेल्या ‘मर्लिन’ योजनेत सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून अवरक्त लेसरचे दोन स्पंद लागोपाठ खाली सोडावयाचे आहेत. त्यांपैकी एकाची तरंगलांबी, सुमारे १.६४५ मायक्रोमीटर, मिथेन शोषून घेईल अशी निवडलेली असते. दुसऱ्याची तिच्या लगतची, पण मिथेनच्या शोषणातून जवळजवळ सुटणारी असते. एकाच वाटेने दोन वाटसरू धाडले आणि नाक्यांवर जकात त्यांपैकी एकाकडूनच घेतली, तर परतल्यावर दोघांच्या शिलकीतील फरकावरून जकात किती भरली हे कळते. तद्वत जमिनीचा रंग व हवेतील धूळ यांचा परिणाम दोन्ही स्पंदांवर सारखाच होतो. उरलेला फरक मिथेनचा. शिवाय स्पंद परतण्यास लागलेल्या वेळावरून तो जमिनीवरून परतला की ढगावरून, हेही समजते.

या तत्त्वाची मिथेनसाठी विमानातून चाचणी झालेली आहे. चीनने एप्रिल २०२२ मध्ये सोडलेल्या ‘दाची-१’ उपग्रहाने याच तत्त्वावर कार्बन डायऑक्साइडचे मापन अंतराळातूनही साधले आहे.

या साधनास मर्यादाही आहेत. दाट ढगांतून लेसर पार होत नाही. मोजमाप उपग्रहाखालील अरुंद पट्ट्यापुरते होते आणि सुमारे ५० किलोमीटर अंतराची सरासरी काढूनच ते विश्वसनीय ठरते. एखादी गळकी नळी त्याने सापडणार नाही. ते काम अन्य उपग्रहांचे व जमिनीवरील निरीक्षकांचे. परंतु विस्तीर्ण प्रदेशाचा बारमाही ताळेबंद त्यामुळे जुळविता येईल आणि कागदावरील आकडे हवेशी ताडून पाहता येतील.