डॅक असतां प्रीअँप हवाच काय?

घरांत नवी वस्तु आणण्यापूर्वीं तिचें काम घरांतील दुसरी एखादी वस्तु करीत नाहीं ना, हें पाहून घेण्याची आपल्या गृहिणींची जुनी रीत आहे. गाणें ऐकण्याच्या यंत्रांना मात्र ही कसोटी क्वचितच लावली जाते. परभणी, सेलू किंवा गंगाखेड येथील रसिकाला अशीं यंत्रें बहुधा पार्सलानेंच मागवावीं लागतात. खोकें उघडल्यावर ‘हें नको होतें’ असें म्हणणें महागांत पडतें. तेव्हां डॅक घरांत असतां वेगळा प्रीअँप घ्यावा कीं नाहीं, याचा विचार आधींच केलेला बरा.

डॅक म्हणजे अंकांच्या रूपांत सांठविलेल्या स्वरांना पुन्हां विजेच्या लहरींचें रूप देणारें यंत्र. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात, आणि सोळा बिटांचा प्रत्येक नमुना ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एकीवर बसविलेला असतो. प्रीअँपचा जन्म याच्या फार आधींचा. रेकॉर्डवरील सुईंतून निघणारी वीज अवघी चारपांच मिलिव्होल्ट. ती शेंकडों पटींनीं वाढविल्यावांचून पॉवर अँप्लिफायर तिची दखल घेत नाहीं. म्हणून हा मदतनीस मध्यें आला. डॅकमधून मात्र साधारण दोन व्होल्ट बाहेर पडतात, आणि बहुतेक अँप्लिफायरांना पूर्ण जोरानें वाजण्यास एक ते दोन व्होल्ट पुरतात. वाढविण्याचें काम उरलेंच नाहीं. उरलें तें आवाज कमीजास्त करण्याचें, आणि ती सोय पुष्कळ डॅकांत असते.

यावर जाणकार म्हणतात कीं, अंकांतच आवाज उतरविला तर दर सहा डेसिबेलांमागें एक बिट हातचा जातो. आक्षेप खरा, पण अपुरा. सोळा बिटांचें गाणें चोवीस बिटांच्या डॅकमध्यें शिरतें तेव्हां आठ बिट मोकळेच असतात. हिशेबानें ४८ डेसिबेल उतरलें तरी मूळ आंकडे शाबूत राहतात. खरी अडचण निराळी आहे. गाणें हळू केलें तरी डॅकची स्वतःची खरखर हळू होत नाहीं. अँप्लिफायर फार संवेदनशील असेल तर गाणें नेहमीं तळाशींच वाजवावें लागतें, आणि ती खरखर कानाजवळ येते. उपाय स्वस्त आहे: दोहोंच्या मध्यें दहा ते वीस डेसिबेल उतरविणारा साधा अ‍ॅटेन्युएटर बसवावा. वैशाखांत दिवाणखान्यांतला पंखा पूर्ण वेगानें फिरत असतांना ज्याला ती खरखर ऐकूं येईल, त्याच्या कानांस आमचा नमस्कार!

आम्हांला भीति वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. प्रीअँपची चकती मध्यें नसली म्हणजे स्पीकर आणि पूर्ण आवाज यांच्यामध्यें संगणकावरील एका पट्टीशिवाय कांहीं उरत नाहीं. वीज जाऊन परत आली, किंवा मुलांनीं भलतेंच बटण दाबलें, आणि डॅक पूर्ण आवाजावर जागा झाला तर स्पीकर कायमचे जातील. शेजारच्या पाळण्यांतल्या मुलाचे कान तर त्याहून नाजूक. म्हणून अँप्लिफायर सर्वांच्या शेवटीं सुरू व सर्वांच्या आधीं बंद करावा, आणि वीज जातांच त्याचें बटण मिटावें. अ‍ॅटेन्युएटर असला तर आवाजाची कमाल मर्यादाच खालीं येते, हा त्याचा दुसरा लाभ.

आतां एकत्र कुटुंबाची गोष्ट. आजोबांच्या रेकॉर्डी, आत्याबाईंच्या कॅसेटी, आकाशवाणीच्या परभणी केंद्रासाठीं जपलेला रेडिओ, यांना डॅकचें दार बहुधा बंद असतें. त्याला अंकांचीच भाषा कळते. नातवानें हौसेनें जुना प्रीअँप काढून डॅक थेट जोडला, तर आजोबांच्या हिराबाई बडोदेकर त्याच दिवशीं मुक्या होतात, आणि आजोबा बहुधा बोलून दाखवीत नाहींत. रेकॉर्ड कापतांना खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात. वाजवितांना तें उलटवावें लागतें, त्याचें माप १९५४ सालीं ठरलें. हें काम प्रीअँपमधील फोनो विभाग करतो. ७८ गतीच्या तबकड्या त्याहून जुन्या. त्यांना सुईहि जाड लागते.

केवळ संगणकावरून गाणें ऐकणाऱ्या घरानें प्रीअँपचे पैसे सरळ स्पीकरांवर खर्चावे. रेकॉर्डी अजून वाजत असतील तेथें जुना प्रीअँप जागचा हलवूं नये. डॅक त्याच्याच मागच्या एखाद्या रिकाम्या जागीं जोडावा, त्याचा आवाज पूर्ण ठेवावा आणि चकती एकच फिरवावी. ती चकती खरखरूं लागली असेल तर गांवांतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्यावी. नव्या यंत्राहून तें पुष्कळ स्वस्त पडतें.