गुडघ्याला पट्टा, हातात दोरी

जॉर्ज ब्लेअर पहिल्यांदा पाण्यावर उभे राहिले तेव्हा त्यांची चाळिशी आली होती, आणि पाठीवर शस्त्रक्रिया झालेली होती. पायातली फळी काढून अनवाणी स्कीइंग करायला ते शिकले ते सेहेचाळिसाव्या वर्षी. फेब्रुवारी २००२ मध्ये, सत्त्याऐंशी वर्षं पूर्ण झाल्यावर, जगातला सर्वांत वयस्क अनवाणी वॉटर स्कीअर म्हणून त्यांची गिनेस बुकात नोंद झाली. पिवळाधमक सूट आणि केळ्यांचं वेड यांमुळे अमेरिका त्यांना ‘बनाना जॉर्ज’ म्हणून ओळखायची. २०१३ मध्ये, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी ते गेले.

अशा माणसाबद्दल लिहिताना जिद्दीचं कौतुक होतं, आणि ते योग्यच आहे. पण जिद्दीने सांध्यावरचा भार कमी होत नाही. अनवाणी माणसाला पाण्यावर तोलून धरायला किती वेग लागतो, याचा एक ठोकताळा या खेळात रूढ आहे: वजन पौंडांत घ्यायचं, दहाने भागायचं, त्यात वीस मिळवायचे, उत्तर ताशी मैलांत. ऐंशी किलोच्या माणसासाठी ते ताशी साठ किलोमीटरच्या आसपास जातं. त्या वेगाने पाठीवर आपटलं तर पाणी मऊ राहत नाही. म्हणूनच अनवाणी स्कीइंगचे सूट छाती, पाठ आणि मांड्यांपाशी जाड थर घालून शिवलेले असतात आणि तरंगण्याची सोय त्यातच असते. शिकणाऱ्याच्या हातात आधी दोरी देतही नाहीत. बोटीच्या बाजूला आडवा दांडा बसवतात, त्याला ‘बूम’ म्हणतात. तो न हलणारा आधार असतो, आणि बोटीच्या लाटेबाहेरचं सपाट पाणी पायाखाली मिळतं.

वॉटर स्कीइंगमध्ये शरीराला खरा धोका दोन क्षणी असतो, उठताना आणि पडताना. मधला बराचसा वेळ, सरळ रेषेत आणि मध्यम वेगाने जाणाऱ्यासाठी, त्या मानाने सुखाचा असतो. वय वाढल्यावर किंवा जुनी दुखापत असताना साधनं निवडायची ती याच दोन क्षणांसाठी.

आधी उठण्याचं पाहू. स्कीअर पाण्यात गुडघे छातीशी घेऊन बसलेला असतो, हात सरळ, फळीचं टोक पाण्याबाहेर. बोट ओढू लागली की पायांनी फळीला रेटायचा मोह होतो. गुडघे सरळ होतात, कंबर मात्र वाकलेलीच राहते, आणि दोरी धड पुढे खेचत असते. मांडीमागचे हॅमस्ट्रिंग स्नायू या क्षणी दोन्ही टोकांनी ताणले जातात. नितंबाच्या हाडाला जिथे ते चिकटलेले असतात तिथून ते फाटू शकतात, कधी पूर्ण सुटूनही येतात. वॉटर स्कीअरांच्या याच दुखापतीवर १९९६ मध्ये अमेरिकी क्रीडावैद्यक नियतकालिकात एक अभ्यास आला होता. त्यात नवशिक्यांना ती प्रामुख्याने उठताना झालेली दिसली आणि अनुभवींना पडताना.

यावर उपाय म्हणून बरेच जण मांडीला पट्टा बांधतात. निओप्रीनच्या घट्ट चड्डीने स्नायू उबदार राहतात, त्यांना थोडा दाब मिळतो, आणि जोरात बसून पडल्यावर गुदमार्गात पाणी घुसण्याचा त्रासही टळतो, म्हणून ती जरूर घालावी. पण त्याहून मोठा आधार पायाखाली असतो, रुंद फळीचा. जास्त रुंदीची फळी कमी वेगातही पाण्यावर येते, त्यामुळे माणूस पाण्याशी झुंजत ओढला जाण्याचा काळ कमी होतो आणि पाठ, खांदे, मांड्या यांवरचा ताण उतरतो. स्पर्धेची अरुंद, चपळ फळी सोडून रुंद फळीवर जाणं अनेक जुन्या खेळाडूंना कमीपणाचं वाटतं. तसं वाटायचं काही कारण नाही. १९२२ मध्ये मिनेसोटातल्या लेक पेपिनवर अठरा वर्षांच्या राल्फ सॅम्युअलसनने हा खेळ सुरू केला तोच सुमारे आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद अशा लाकडी फळ्यांवर. पिंपाच्या फळ्या आणि बर्फावरच्या स्की त्याने आधी वापरून पाहिल्या होत्या. त्या त्याला पेलू शकल्या नाहीत.

एका फळीवर उठणाऱ्यासाठी खोल ‘व्ही’ आकाराच्या दोरीची मूठ मिळते. फळीचं टोक त्या ‘व्ही’मध्ये धरलं की ते डावी-उजवीकडे भरकटत नाही, आणि ते सावरण्यात कंबर पिरगळत नाही. खर्चाच्या मानाने इतका उपयोगी बदल क्वचितच सापडेल.

आता गुडघा. आपल्याकडे सिंहगड चढणारे ज्येष्ठ औषधांच्या दुकानातून आणलेली ‘नी कॅप’ चढवून निघतात. तशी विणलेली किंवा निओप्रीनची बाही गुडघा उबदार ठेवते आणि सांधा कुठल्या स्थितीत आहे याची जाणीव वाढवते. त्यामुळे आत्मविश्वास येतो. सांधा आडवा वळला तर तो अडवण्याची ताकद मात्र तिच्यात नसते. त्यासाठी दोन्ही बाजूंना बिजागरी असलेली ताठ ब्रेस लागते. स्नायुबंध फाटून पुन्हा बसवलेल्यांसाठीची ब्रेस वेगळी आणि संधिवाताने आतल्या बाजूची कूर्चा झिजलेल्यांसाठीची वेगळी. दुसऱ्या प्रकारात तीन ठिकाणी दाब देऊन भार झिजलेल्या बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवतात. दुकानात या दोन्ही शेजारी टांगलेल्या असतात, आणि चुकीची घेतली तर पैसे गेलेच, वर खोटा धीर मिळतो.

ब्रेस कितपत वाचवते? बर्फावर स्कीइंग करणाऱ्यांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या स्नायुबंधाची शस्त्रक्रिया झालेले सुमारे आठशे स्की-रिसॉर्ट कर्मचारी त्यात होते. ब्रेस न लावणाऱ्यांमध्ये गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याची शक्यता २.७ पट आढळली. हा निष्कर्ष बर्फावरचा आहे, तो पाण्याला जसाच्या तसा लावता येणार नाही, तरी पडताना पिरगळण्याची क्रिया बरीच सारखी असल्यामुळे त्याकडे दुर्लक्षही करू नये. पाण्यात ब्रेसचे स्वतःचे प्रश्न असतात. ओले पट्टे सैल होतात आणि ब्रेस पोटरीकडे घसरते, मग बिजागरी सांध्याच्या रेषेत राहत नाही. म्हणून कार्बनची, पाण्याने न बिघडणारी चौकट घ्यावी, आत पातळ बाही घालावी आणि किनाऱ्यावर बांधलेले पट्टे पाण्यात उतरल्यावर पुन्हा आवळावेत.

ब्रेस लावून झाली तरी पायातल्या बुटांचा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते तो ब्रेसपेक्षा महत्त्वाचा आहे. पडताना एक पाय सुटला आणि दुसरा फळीत अडकला तर लांब फळी पायाला तरफेसारखी पिळते. घोटा, नडगी, गुडघा, टाचेवरचा स्नायुरज्जू, काहीही जाऊ शकतं. यावर उत्तर म्हणून दोन्ही बूट एकाच पट्टीवर बसवलेली रचना आली. ठरावीक जोर पडला की पट्टी दोन्ही पायांसह फळीपासून सुटते. काही कंपन्या तिथे स्प्रिंगची कळ वापरतात, काही एकमेकांत अडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या चिकटपट्ट्या. सुटण्याचा जोर आपल्या वजनाला आणि वेगाला जुळवून घ्यावा लागतो. तो पंचविशीत लावून ठेवला आणि साठीतही तसाच राहिला तर सगळी रचना वाया जाते.

हाताची गोष्ट त्या मानाने छोटी आहे. पकड सैल झाली की कोपराचे स्नायू जास्त राबतात आणि तिथलं दुखणं सुरू होतं. जाड तळव्याचे हातमोजे आणि हाताला बेतलेल्या जाडीची मूठ यांनी बराच फरक पडतो. तळव्यात दांडी शिवलेले, मूठ अडकवून धरणारे मोजेही मिळतात. त्यांचा मोह टाळलेला बरा, कारण पडताना दोरी तत्काळ सुटली पाहिजे.

बोट हेदेखील आधाराचंच साधन आहे. आजच्या स्की-बोटींत जीपीएसवर चालणारं वेगनियंत्रण असतं. स्कीअरने दोरी ओढल्यावर इंजिनाने किती झटकन प्रतिसाद द्यायचा हेही त्यात ठरवता येतं, आणि दुखऱ्या पाठीला सौम्य प्रतिसाद मानवतो. स्पर्धांनीही वयाचा विचार केला आहे. खुल्या गटातल्या पुरुषांसाठी स्लॅलमचा, म्हणजे बोयांना वळसे घालत जाण्याच्या प्रकाराचा, कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर आहे, पस्तिशीनंतरच्या गटासाठी ५५, आणि पुढे तो आणखी उतरतो. पस्तिशीपुढच्यांची स्वतंत्र जागतिक स्पर्धाही होते. हाडं ठिसूळ झाली असतील, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा गुडघा बदललेला असेल तर मात्र शल्यविशारदाशी बोलल्याशिवाय पाण्यात उतरूच नये. ही जोखीम कुठलाही पट्टा पेलत नाही.

आणि पाय अजिबातच साथ देत नसतील तर? रुंद फळीवर ॲल्युमिनियमची चौकट, तिच्यात ताणलेली कापडी बैठक आणि पुढे पाय टेकवायला जागा, अशी ‘सिट-स्की’ गेली काही दशकं वापरात आहे. पाठीच्या कण्याच्या दुखापतीने चाकाच्या खुर्चीत आलेली माणसं तिच्यावर बसून स्लॅलम, करामती आणि उडी या तिन्ही प्रकारांत स्पर्धेला उतरतात. नवशिक्याबरोबर मदतनीस पाण्यात असतो, फळी सरळ धरून बोट ओढू लागेपर्यंत तो सोडत नाही. अंध स्कीअरांसाठी स्लॅलमची पद्धत वेगळी आहे. त्यांना बोया दिसत नाहीत, म्हणून दोरी बोटीपासून पुरेशी बाहेर गेली की बोटीवरचं यंत्र आवाजाने इशारा देतं. तो ऐकला की स्कीअर फळी वळवतो आणि लाट ओलांडून दुसऱ्या बाजूला निघतो.