मिड सफोकचा कौल : इंग्लंडमधील एका डिस्ट्रिक्ट परिषदेच्या निवडणुकीचा अन्वयार्थ

स्थानिक निवडणुकीच्या निकालाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. त्यातून देशातील राजकीय वाऱ्याची दिशा ताडणे ही एक दृष्टी. त्या ठिकाणचा कारभार कोणाच्या हाती गेला आणि मुळात तो कारभार किती, याचा शोध घेणे ही दुसरी. इंग्लंडमधील वृत्तपत्रे बहुधा पहिल्या दृष्टीने लिहितात आणि दूरस्थ अभ्यासकही त्यांचेच अनुसरण करतो. सफोक काउंटीतील मिड सफोक या डिस्ट्रिक्ट परिषदेची निवडणूक ४ मे २०२३ रोजी झाली. तिच्या निकालाच्या आधारे दुसऱ्या दृष्टीची आवश्यकता दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम संज्ञेविषयी. 'डिस्ट्रिक्ट' या शब्दाने आपल्याकडील जिल्हा डोळ्यांसमोर आणणे चुकीचे ठरेल. १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याने इंग्लंडच्या बऱ्याच भागात द्विस्तरीय रचना निर्माण केली व ती १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली. शिक्षण, समाजसेवा व रस्ते हे विषय वरच्या काउंटी परिषदेकडे गेले. बांधकामांना परवानगी, गृहनिर्माण, केरकचरा उचलणे, मतदार-याद्या इत्यादी विषय डिस्ट्रिक्टकडे राहिले. विस्ताराच्या दृष्टीने डिस्ट्रिक्टची तुलना महाराष्ट्रातील पंचायत समितीच्या क्षेत्राशी करणे अधिक योग्य होईल. भेद एवढाच, की डिस्ट्रिक्ट परिषद ही काउंटीचे अंग नसून स्वतंत्र संस्था आहे. स्टोमार्केट, नीडम मार्केट व आय ही छोटी गावे आणि भोवतालची खेडी मिळून मिड सफोक होतो. २०२१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या एक लाखाहून थोडी अधिक होती.

परिषदेच्या जागा ३४. २०१९ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाला १६, ग्रीन पक्षाला १२, लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ५ व अपक्षाला १ जागा मिळाली होती. २०२३ मध्ये ग्रीन पक्षाने २४ जागा जिंकल्या. हुजूर पक्ष ६ वर आला व लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ४ जागा मिळाल्या. ब्रिटनमधील परिषदेत ग्रीन पक्षाला स्पष्ट बहुमत मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. २०११ मध्ये ब्रायटन येथे त्या पक्षाने कारभार हाती घेतला होता, परंतु तो बहुमतावाचून.

त्याच दिवशी इंग्लंडमधील २३० परिषदांसाठी मतदान झाले व हुजूर पक्षाने एक हजाराहून अधिक जागा गमावल्या. बीबीसीच्या अंदाजानुसार, सर्व देशात मतदान झाले असते तर मजूर पक्षास शेकडा ३५, हुजूर पक्षास २६ व लिबरल डेमोक्रॅट पक्षास २० मते पडली असती. देशभर मजूर पक्ष आघाडीवर असताना मिड सफोकमध्ये मात्र त्याला एकही जागा मिळाली नाही. म्हणजे कोण पडले, याचा उलगडा राष्ट्रीय वाऱ्याने होतो. कोण चढले, याचा होत नाही. जेथे जो पक्ष आधीपासून प्रतिस्पर्धी म्हणून उभा होता, तेथे असंतुष्ट मते त्याच्यामागे एकवटली. २०१९ मधील बारा जागांनी मिड सफोकमध्ये ते स्थान ग्रीन पक्षास मिळवून दिले होते.

यात मतदानपद्धतीचाही वाटा आहे. येथील वॉर्डांतून एक किंवा दोन सभासद निवडले जातात. द्विसदस्य वॉर्डात मतदारास दोन मते असतात, सर्व उमेदवार एकाच यादीत असतात आणि सर्वाधिक मते मिळविणारे दोघे निवडून येतात. महाराष्ट्रात २०१७ मध्ये पुणे व नागपूर येथील महानगरपालिकांच्या निवडणुकांत बहुसदस्य प्रभाग होते. पण तेथे प्रत्येक जागेची लढत वेगळी होती. एखाद्या द्विसदस्य वॉर्डात एक हजार मतदारांनी मतदान केले व ते तीन पक्षांत ४५०, ३५० व २०० असे विभागले गेले, अशी कल्पना करू. प्रत्येकाने आपल्या पक्षाच्या दोन्ही उमेदवारांना मत दिल्यास पहिल्या पक्षास दोन्ही जागा मिळतात. उरलेल्या ५५० मतदारांच्या वाट्यास काहीच येत नाही. म्हणून ३४ पैकी २४ जागा, म्हणजे शेकडा सत्तर, यावरून शेकडा सत्तर मतदार त्या पक्षाकडे वळले असे अनुमान काढता येत नाही. शिवाय एकसदस्य व द्विसदस्य वॉर्डांतील मतांची सरळ बेरीज केल्यास दुसऱ्या प्रकारच्या वॉर्डांचे वजन दुप्पट होते. हा दोष टाळण्यासाठी प्रत्येक पक्षाच्या सर्वाधिक मते मिळविणाऱ्या उमेदवाराचीच मते हिशेबात धरण्याचा प्रघात आहे. विद्यार्थ्यांनी आकडे हाताळताना याचे भान ठेवावे.

आता बहुमताने हाती काय आले ते पाहू. बांधकामाला परवानगी परिषद देते, पण राष्ट्रीय धोरणाच्या चौकटीत. नकार दिल्यास अर्जदाराला केंद्रीय निरीक्षकांकडे अपील करता येते. स्थानिक कर डिस्ट्रिक्टच गोळा करते, परंतु त्यातील मोठा वाटा काउंटीकडे जातो. २०२३-२४ मध्ये डिस्ट्रिक्टने आपल्या वाट्याची करवाढ शेकडा ३ किंवा ५ पौंड यांपैकी जी अधिक असेल तिच्यापुढे नेल्यास सार्वमत घेणे बंधनकारक होते. याहून लक्षणीय बाब अशी, की मिड सफोकचा अधिकारीवर्ग शेजारच्या बॅबर परिषदेबरोबर सामाईक होता, आणि २०२३ मध्ये बॅबरमध्ये कोणत्याच पक्षास बहुमत मिळाले नाही. तात्पर्य, निकाल जितका मोठा, तितके सामर्थ्य मोठे नव्हते.

मग या निकालाचे महत्त्व कशात? जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मिड सफोकचा काही भाग समाविष्ट असलेल्या वेव्हनी व्हॅली मतदारसंघातून ग्रीन पक्षाचे एड्रियन रॅम्झी पार्लमेंटवर निवडून आले. स्थानिक निकाल हा राष्ट्रीय राजकारणाचा केवळ वायुमापक नसतो. क्वचित तो त्याचा पायाही होतो. डिसेंबर २०२४ मध्ये मात्र ब्रिटिश सरकारने द्विस्तरीय रचना संपुष्टात आणून मोठ्या एकस्तरीय परिषदा स्थापण्याचे धोरण श्वेतपत्रिकेद्वारे जाहीर केले. मिड सफोकमध्ये सुमारे तीन हजार लोकांमागे एक सभासद होता; २०२१ मध्ये ७५ सभासद निवडणाऱ्या सफोक काउंटीत हे प्रमाण दहा हजारांच्या घरात जात होते. लहान वॉर्डात अल्प साधनांचा पक्षही घरोघरी पोहोचू शकतो. मोठ्या परिषदा काटकसरीच्या ठरतीलही. परंतु नव्या पक्षाला पाय रोवण्यास जी लहान जागा लागते तिचे काय होणार, हा प्रश्न काटकसरीच्या हिशेबात येत नाही. अशा निकालांच्या अभ्यासाचे खरे प्रयोजन तो प्रश्न विचारण्यात आहे.